चॉकलेटी टॉवेल

शटर अर्धंच वर होतं. काकूंनी आधी पिशवी आत सरकवली, मग एक हात गुडघ्यावर ठेवून त्या वाकून आत आल्या. आत आल्यावर कंबर सरळ करायला त्यांना थोडा वेळ लागला. ताई पाठमोरी उभी राहून वाटीत केसांचा रंग कालवत होती. तिने हे सगळं आरशात पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.

"या काकू. कोपऱ्यातल्या खुर्चीवरच बसा, बेसिन जवळ पडतं."

"कुठेही बसते गं. डोकं काळं झाल्याशी कारण."

पार्लर उघडायला अजून अवकाश होता. मोठ्या आरशासमोरच्या दोन्ही खुर्च्या रिकाम्याच होत्या. फळीवर पांढऱ्या टॉवेलांची चळत होती, आदल्या दिवशीच धुऊन, घड्या घालून ठेवलेली. ताईने त्या चळतीकडे हात नेला नाही. खालच्या कप्प्यातून तिने चॉकलेटी रंगाचा टॉवेल काढला आणि काकूंच्या खांद्यांवर पसरला.

"रंगासाठी हा वेगळाच ठेवलाय. डाग दिसत नाही," ती म्हणाली. हे ती दर वेळी म्हणे. विचारलेलं कुणीच नसे.

"बरं केलंस," काकूही दर वेळी म्हणत.

मग तिने त्यांच्या कपाळाच्या कडेला आणि कानांमागे क्रीम लावलं, रंग कातडीला धरू नये म्हणून, आणि ब्रशने केस बाजूला करत मुळाशी रंग लावायला घेतला. काकूंचे केस फार पातळ झाले होते. पांढरं डोकं दिसलं की मुलं ठेवायला येणाऱ्या बायका बिचकतात, ही म्हातारी आपल्या पोरामागे काय धावणार असं त्यांना वाटतं, असं काकूंचं म्हणणं. पाळणाघर चालवायचं तर महिन्याच्या महिन्याला रंग हवा. सध्या नवी मुलं येत नव्हती आणि जुन्यांच्या आया त्यांना घेऊन गेल्या होत्या, तरी काकूंनी रंग सोडला नव्हता.

"किती आहेत आता?" ताईने विचारलं, आणि विचारल्याबरोबर जीभ चावली.

"दोघं. त्यातला एक सोमवारपासून येणार नाही." काकू आरशात न पाहता बोलत होत्या. "त्याच्या आईने फार गोड शब्दांत सांगितलं हो. म्हणाली, काकू, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण सासूबाई ऐकत नाहीत. सगळ्यांच्याच सासवा एकदम ऐकेनाशा झाल्या बघ."

ताईला हसू आलं. मग हसणं बरं दिसेना म्हणून तिने ब्रश पुन्हा वाटीत बुडवला.

रंग धुवायची वेळ झाली तेव्हा तिने पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतलं.

"गरम नाही ना?"

"छान आहे," काकू डोळे मिटून म्हणाल्या. "तुझा हातच छान आहे. झोप येते बघ."

'झोप' म्हटल्यावर दोघीही गप्प झाल्या. केस कोरडे होईपर्यंत नुसता ड्रायरचा आवाज होता.

काकू गेल्या, पुन्हा वाकूनच. त्या कोपऱ्यावरून वळेपर्यंत ताई थांबली आणि मग तिने शटर पूर्ण वर ढकललं.

सगळी भानगड झोपेचीच होती. बँकेत नोकरी करणाऱ्या एका बाईचा नुकता बोलायला लागलेला मुलगा दिवसभर काकूंकडे असे. संध्याकाळी ती न्यायला आली की तो पेंगुळलेला असे, मान टाकून तिच्या खांद्यावर पडे. एकदा तर त्याला जागं करायला तोंडावर पाणी मारावं लागलं. बँकवाली घाबरली, आणि घाबरल्यावर खापर फोडायला कुणीतरी लागतंच. काकू दुधातून झोपेच्या औषधाचे थेंब देतात, असं ती आधी नवऱ्याला म्हणाली, मग एका मैत्रिणीला. ती मैत्रीण केस कापायला ताईच्या पार्लरमध्ये आली आणि बोलता बोलता बोलून गेली. शेजारच्या खुर्चीत नेमकी दवंडी बसलेली होती. तिला हे नाव कुणी ठेवलं ते माहीत नाही, पण पाठीमागे सगळ्याच जणी तिला दवंडी म्हणत.

पुढे मग काय, दुधातल्या थेंबांची गोळी झाली, एका गोळीच्या दोन झाल्या. आधीही एका मुलाला असंच झालं होतं, हे कुणाला तरी आठवलं. कोणत्या मुलाला, ते मात्र आठवेना. काकूंनी निम्म्या वसाहतीची नाकं पुसली होती. ज्यांची पुसली ती पोरं आता मिसरूड फुटून हिंडत होती, आणि त्यांच्या आया म्हणू लागल्या, "आता कळतंय, आमचा लहानपणी इतका शांत कसा होता ते."

ताईचा यावर काडीइतकाही विश्वास नव्हता. तिची स्वतःची मुलगी काकूंच्याच हाताखाली वाढली होती. तेव्हा पार्लर नवं होतं, नवरा कामानिमित्त सतत बाहेरगावी, आणि संध्याकाळची गिऱ्हाइकं संपता संपत नसत. दमून, उशिरा ती दारात पोचायची तेव्हा काकू पोरीला जेवू घालून, वेणी घालून, मांडीवर घेऊन बसलेल्या असत. त्याबद्दल त्या कधी एक शब्द बोलल्या नाहीत.

"मला नाही वाटत काकू असं करतील," ताई पार्लरमध्ये म्हणालीही होती, एकदा. कात्री चालवता चालवता, हळू आवाजात. ड्रायर चालू होता. कुणी ऐकलं की नाही कोण जाणे, पण तिने ते पुन्हा म्हटलं नाही.

मग टॉवेलाचं झालं. सेक्रेटरीणबाई केस धुवायला आल्या होत्या. या म्हणजे इमारतीच्या सेक्रेटरीच्या बायको; हुद्दा नवऱ्याचा आणि रुबाब यांचा. केस धुऊन ताईने त्यांच्या गळ्याभोवती टॉवेल टाकला, तर तो त्यांनी दोन बोटांच्या चिमटीत धरून लांब केला.

"हा काल त्यांना वापरलेला नाही ना?"

"धुतलेला आहे बाई. सगळे रोज गरम पाण्यात धुते मी."

"धुतलेला असेल हो. पण मनाला कसंतरीच होतं."

मुलाच्या झोपेचा आणि टॉवेलाचा संबंध काय, हे ताईने तिथेच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर सेक्रेटरीणबाईंनाही ते सांगता आलं नसतं. पण तेवढ्यात शेजारच्या खुर्चीतली बाई स्वतःच्या गळ्यातला टॉवेल चाचपू लागली, बाकावर थांबलेल्या दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि दवंडी म्हणाली, "नाक्यावर ते काचेच्या दाराचं पार्लर झालंय ना, तिथे म्हणे टॉवेल एकदाच वापरून फेकून देतात." सहज म्हणाली. दवंडी सगळं सहजच म्हणत असे.

त्या संध्याकाळी ताईने चॉकलेटी टॉवेल विकत आणला. केसांच्या रंगासाठी हवा, असं दुकानदाराला सांगितलं आणि घरी येईपर्यंत स्वतःलाही तेच सांगितलं. मग काकूंची वेळ बदलली. "सकाळी लवकर या काकू, गर्दीत तुम्हाला ताटकळावं लागतं." शटर अर्धं ठेवायचं असं काही तिने ठरवलं नव्हतं. पहिल्या दिवशी ते अर्धंच राहिलं आणि मग तसंच राहू लागलं.

आपण काकूंना 'नाही' तर म्हटलं नाही ना, हे ताई मनात घोळवत राही. बाकीच्यांनी त्यांना पाहून रस्ते बदलले होते, ती निदान त्यांच्या केसांना हात लावत होती. एवढं करून चिडचिड होई ती तिचीच. गिऱ्हाइकांवर होई, दवंडीवर होई, आणि निमूट वाकून आत येणाऱ्या काकूंवरसुद्धा होई. एकदा तरी विचारावं त्यांनी, हे अर्धं शटर कशाला गं म्हणून! विचारलं असतं तर तिने काय सांगितलं असतं देव जाणे. पण त्या विचारत नव्हत्या, आणि त्याचा तिला राग येई.

मुलीच्या ते लक्षात आलं टॉवेल वाळत घालताना. मुलगी आता कॉलेजात होती. सुट्टीच्या दिवशी पार्लरच्या मागच्या दोरीवर टॉवेल घालायला ती आईला हात देई.

"हा एकच चॉकलेटी का?"

"रंगासाठी आहे तो."

"परवा त्या शाळेतल्या बाईंना रंग लावलास, तेव्हा तर पांढरा होता."

ताईच्या तोंडात कपड्यांचा चिमटा होता, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. मुलीने टॉवेल उलटापालटा करून पाहिला.

"आई, हा काकूंचा आहे?"

"हे बघ, तुला यातलं कळत नाही. नाक्यावर नवं पार्लर झालंय. तुझी फी कशातून जाते, माहीत आहे ना?"

"काकूंनी मला घास भरवलेत, आई."

"मग मला नाही माहीत ते? म्हणून तर बोलावते त्यांना! दुसरं कुणी दारात तरी उभं करतं का?"

 मुलीने हातातला टॉवेल झटकला, पुन्हा झटकला.

"मग शटर पूर्ण उघडून बोलाव ना."

"तू चालव पार्लर! मग उघड हवं तेवढं!"

ताईचा आवाज नको तेवढा चढला. मुलगी टॉवेल बादलीत टाकून आत निघून गेली आणि पुढे कितीतरी दिवस कामापुरतंच बोलली. ताईने बादलीतला टॉवेल उचलला आणि दोरीवर घातला, अगदी कडेला, बाकीच्या टॉवेलांपासून हातभर लांब. घालून झाल्यावर तिचं तिलाच ते दिसलं. तिने तो तिथेच राहू दिला.

खरं काय ते बाहेर आलं दवाखान्यात. बँकवालीने मुलाला दुसऱ्या पाळणाघरात घातलं होतं आणि तिथूनही तो संध्याकाळी मान टाकूनच घरी येत होता. डॉक्टरांनी विचारलं, घरी काही औषध देता का? बँकवाली म्हणाली, काही नाही. त्याच वेळी तिच्या भोळ्या नवऱ्याने पिशवीतून सर्दीच्या औषधाची बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे एवढंच, रोज सकाळी झाकणभर," तो म्हणाला. पोराला सदान्कदा सर्दी, आणि वाहत्या नाकाचं मूल पाळणाघरात घेत नाहीत, बाकीच्या पोरांना लागण होते म्हणून. काकूंचाही तोच नियम होता. बँकवालीची रजा संपलेली, साहेब खडूस. सकाळी झाकणभर औषध पाजलं की दिवसभर नाक कोरडं राही. त्या औषधाने गुंगी येते हे बाटलीवर बारीक अक्षरांत छापलेलंच होतं.

दवाखान्यात नंबर पुकारणारी मुलगी ताईचीच गिऱ्हाईक. संध्याकाळपर्यंत सगळ्या वसाहतीला कळलं.

दुसऱ्या दिवशी पार्लरमध्ये बसायला जागा नव्हती. "बाई बाई, काय ही आई!" असं म्हणून कपाळाला हात लावणाऱ्या निम्म्या जणींनी ते औषध कधी ना कधी आपापल्या पोरांना पाजलं होतं, ताई धरून. तो विषय कुणी काढला नाही.

"मला पहिल्यापासून वाटतच होतं, काकू तशा नाहीत," सेक्रेटरीणबाई म्हणाल्या.

"आणि ही बँकवाली! स्वतः पाजायचं आणि दुसऱ्याच्या नावाने बोंब ठोकायची."

"आपण तर काय, नुसतं कानावर आलं ते बोललो," दवंडी म्हणाली. तिच्या कपाळावरच्या बटा ताईच्या दोन बोटांत होत्या. "पण ताई, तुम्ही मात्र कमाल केलीत हं. टॉवेलच वेगळा ठेवलात त्यांचा? आणि शटर खाली ओढून? मला तर ऐकूनच कसंतरी झालं."

"अहो, मी..." ताई म्हणाली.

"नाही, तुमचंही बरोबर आहे. धंदा आहे शेवटी," सेक्रेटरीणबाई मोठ्या मनाने म्हणाल्या. "पण लोक बोलतात ते माणसाने इतकं मनावर घेऊ नये."

ताईच्या मस्तकात तिडीक गेली. चिमटीत धरलेला तो टॉवेल तिला लख्ख आठवत होता. पण सांगणार काय? टॉवेल आणायला दुकानात सेक्रेटरीणबाई गेल्या नव्हत्या. शटर दवंडीने ओढलं नव्हतं. दोघींनी अमुक करा असं कधी म्हटलंच नव्हतं, त्या बोलून मोकळ्या झाल्या होत्या आणि केलं होतं ते एकट्या तिने. ती मूग गिळून कात्री चालवत राहिली. दवंडीच्या बटा त्या दिवशी बोटभर जास्तच आखूड झाल्या.

दुपारी ती पार्लर बंद करून काकूंकडे गेली. त्यांच्या दारात चिमुकल्या चपलांची रांग पुन्हा लागली होती. काकू फरशीवर बसून प्लास्टिकची खेळणी साबणाच्या पाण्यात धुवत होत्या, आतल्या खोलीत मुलं झोपली होती.

"बघ, सगळ्यांच्या सासवा एकदम ऐकायला लागल्या," काकू म्हणाल्या.

ताई समोर उकिडवी बसली. येताना रस्ताभर तिने वाक्य जुळवलं होतं. "काकू, मी ना..." तिने सुरुवात केली आणि आत एक मूल रडत उठलं. काकू हात पुसत गेल्या, त्याला थोपटून आल्या आणि पुन्हा पाण्यात हात घातला.

"काय म्हणत होतीस?"

जुळवलेलं वाक्य तोवर कुठल्या कुठे गेलं होतं.

"काही नाही. म्हटलं, आता सकाळी लवकर यायची गरज नाही. दुपारी या, केव्हाही या. पुढच्या खुर्चीवर बसा."

"पुढच्या?" काकूंनी हातातलं बदक झटकून पाणी काढलं. "बेसिन लांब पडेल ना."

ताईच्या तोंडात मारल्यासारखं झालं. काकूंच्या चेहऱ्यावर मात्र टोमणा नव्हता, राग नव्हता. त्या पुढचं खेळणं शोधत होत्या.

"येईन," त्या म्हणाल्या. "शनिवारी येते."

पार्लरमध्ये परतल्यावर ताईने चॉकलेटी टॉवेल फेकून द्यायला म्हणून बाहेर काढला. चांगला जाड होता, कुठे फाटला नव्हता, विटला नव्हता. टाकवेना. तिने त्याची घडी केली आणि तो पुन्हा खालच्या कप्प्यात ठेवला.

शनिवारी शटर पूर्ण वर होतं आणि पार्लर भरलेलं होतं. काकू ताठ चालत आत आल्या. सगळ्या जणी एकदम "या या काकू" करत उठल्या. सेक्रेटरीणबाईंनी स्वतःचा नंबर त्यांना देऊन टाकला, दवंडीने त्यांची पिशवी हातातून काढून खुंटीला अडकवली. मोठ्या आरशासमोर बसवून ताईने चळतीतला सगळ्यात वरचा पांढरा टॉवेल घेतला, त्यांच्या खांद्यांवर पसरला आणि कडा गळ्याशी नीट खोचल्या.

"पांढऱ्याला डाग पडेल गं."

"पडू दे, काकू."

काकूंनी आरशात तिच्याकडे पाहिलं. मग त्या मान टेकवून नीट बसल्या. कानांमागे क्रीम लावताना ताईचे हात हलके झाले होते. कित्येक दिवसांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं. काकूही खुलल्या. झोपेतून उठून स्वतःच्या चपला सोडून दुसऱ्याच्या पळवणाऱ्या एका पोराची गंमत त्यांनी सांगितली, आणि बायका ती गंमत होती त्याहून जास्त हसल्या.

रंग लावून संपतच आला होता, तेवढ्यात दारात बँकवाली येऊन उभी राहिली.

हसणं एकदम थांबलं. बँकवालीचे डोळे खोल गेले होते आणि केस कसेबसे वर बांधलेले होते.

"केस कापायचेत. जागा आहे?" ती म्हणाली. मग तिला पुढच्या खुर्चीतल्या काकू दिसल्या. "काकू, मी तुमच्याकडे दोनदा येऊन..."

काकू आरशातून तिच्याकडे पाहत राहिल्या. वळल्या नाहीत. बाकावर सेक्रेटरीणबाईंच्या शेजारी जागा होती, तिथे त्यांनी आपली पर्स ठेवली.

"नाक्यावर काचेच्या दाराचं पार्लर आहे की," दवंडी समोरच्या भिंतीला म्हणाली.

बँकवाली हलली नाही. तिथूनही तिला परत पाठवलं असावं, किंवा तिथे जायची हिंमतच नसावी, असं ताईला तिच्या उभं राहण्यावरून वाटलं.

"आली आहेस तर ये. बस," ताईच्या तोंडून गेलं.

तेव्हा काकू बोलल्या. आवाज न चढवता, रोजच्यासारख्याच.

"अगं, तो माझा टॉवेल आहे ना, चॉकलेटी? तो दे तिला."

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग दवंडी खुदकन हसली, सेक्रेटरीणबाईंनी तोंडावर हात धरला, आणि सगळं पार्लर हसायला लागलं. काकूही हसत होत्या.

माझा टॉवेल. म्हणजे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. 'बरं केलंस' म्हणत होत्या तेव्हाही माहीत होतं.  ताई वळली आणि खालच्या कप्प्यासमोर वाकली.

टॉवेल तिथेच होता, तिनेच घडी घालून ठेवलेला. तिने त्यावर हात ठेवला. मागे हसणं चालूच होतं. हे मागायचा हक्क कुणाला असेल तर तो काकूंनाच होता, आणि त्या तिच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी मागत होत्या. दिला की झालं. काकू खूश, बायका खूश, पार्लर भरलेलं. गेल्या वेळी कुणी न सांगता तिने हे केलं होतं, या वेळी तर सगळ्या जणी वाट पाहत होत्या.

"सापडला का हो, ताई?" दवंडीने विचारलं.

ताईने मान वर केली. बँकवाली दारातून आत आली होती. पुढे एक खुर्ची रिकामी होती, तिकडे न पाहता ती भिंतीच्या कडेकडेने गेली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसली. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

ताई रिकाम्या हाताने उठली. फळीवरच्या चळतीतला पांढरा टॉवेल तिने ओढला, कोपऱ्यात गेली आणि तो बँकवालीच्या खांद्यांवर पसरला. कडा गळ्याशी नीट खोचल्या. बँकवालीने त्या टॉवेलाचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं.

हसणं विरत गेलं. सेक्रेटरीणबाईंनी पर्स उचलली.

"मी येते नंतर. आज उशीरच होणारसं दिसतंय."

"मीही निघते," दवंडी म्हणाली. "मलाही एक काम आठवलं."

बाकावरच्या दोघी त्यांच्या मागोमाग गेल्या. ताईने कुणाला थांबवलं नाही. थांबवायला तिच्याकडे काही नव्हतंच. बाहेर पायऱ्यांवर त्यांचं बोलणं लगेच सुरू झालेलं ऐकू आलं. काकूंना मात्र उठता येण्यासारखं नव्हतं, डोक्यावर ओला रंग होता.

 रंग मुरल्यावर ताई काकूंच्या खुर्चीमागे येऊन उभी राहिली. काकू आरशातून तिच्याकडे पाहत होत्या, चेहऱ्यावरचं हसू केव्हाच गेलं होतं. त्यांच्या खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलावर रंगाचा एक ओघळ उतरला होता.

"हिच्यासाठी जमलं गं तुला," काकू म्हणाल्या.

 ताईने काकूंना हाताला धरून बेसिनपाशी नेलं, त्यांची मान मागे टेकवली, नळ सोडला आणि पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेतलं.

"गरम नाही ना?" तिने विचारलं.

काकूंनी डोळे मिटले नव्हते. त्या छताकडे बघत होत्या. काळं पाणी बेसिनमधून खाली जात राहिलं.

ताईने मनगट पुन्हा पाण्याखाली धरलं आणि पुन्हा विचारलं.